किल्ला व्हिजिबल कधी होतो

सत्तरीतली आई ग्वाल्हेरला मोबाइलवर इंग्रजी शिकतेय. रोज एक नवा शब्द आणि त्याचं वाक्य. मला पुण्याला फोन करून ऐकवते. एकदा ‘व्हिजिबल’ आला. मी म्हटलं, ‘सोपं आहे. आपल्या गच्चीवरून किल्ला व्हिजिबल आहे.’

ती चिडलीच. ‘तो तर रोजच दिसतो! त्यात सांगायचं काय?’

‘मग कधी म्हणायचं?’

‘जानेवारीत चार दिवस कोहरा पडतो, किल्ला गायब होतो. पाचव्या दिवशी दिसला, की म्हणायचं.’

मी शब्दकोश पाहिला. त्यात असं काहीच नव्हतं.

यंदा दिवाळीला, दोन वर्षांनी घरी आले, मी घरासमोर रिक्षातून उतरले. आई गच्चीतून बाबांना ओरडून सांगत होती, ‘अहो, व्हिजिबल झाली!’