‘न्हाई’ कुणाला म्हटलंय

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ड्रम वाजवणाऱ्या मुश्ताकला सांगितलेलं नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि गेले काही महिने आमच्याबद्दल जे छापून येतंय ते वाचून माझं डोकं फिरलंय.

काय काय लिहितात हो लोक. ‘धोंडा जुन्या दमात परत.’ ‘पन्नाशीतल्या बाप्यांनी पोरांना घाम फोडला.’ एका शहाण्याने लिहिलंय, या अल्बमला नगरच्या मातीचा वास आहे. मातीचा वास? हा गृहस्थ सुरुवातीच्या काळात आमच्या कार्यक्रमांना यायचा. आमचा गायक बबन गायला लागला की तोंडावर रुमाल धरून हसायचा. आता त्याला वास येतोय.

पण त्याला शिव्या घालून मला काय मिळणार? मी कुठे वेगळा होतो?

‘धोंडा’ हा आमचा बँड. नगरला कॉलेजात असताना काढलेला. रॉक म्हणजे दगड, म्हणून धोंडा — एवढीच अक्कल होती तेव्हा. पोस्टर लावलं की लोक विचारायचे, अधिक महिना लागला का, जावयाला काय देताय. मी गिटारवर, मुश्ताक ड्रमवर, बेसवाले येऊन-जाऊन. आणि गायला बबन. बबन नगरजवळच्या घोडेगावचा. त्याचे वडील तिथल्या गुरांच्या बाजारात दलाली करायचे. हंबरणाऱ्या जनावरांवरून, टेम्पोच्या हॉर्नवरून हाका मारून मारून त्याचा गळा तयार झालेला. आमचा भाड्याचा स्पीकर त्याच्यापुढे रडायचा.

गाणीही तोच लिहायचा, आणि त्याच्याच बोलीत. हाय, न्हाई, लई, पानी. माझे वडील मराठीचे मास्तर. म्हणून बबन मलाही ‘मास्तर’च म्हणायचा. आमच्या घरात ‘पानी’ मागितलं तर आई तांब्या पुढे करायची नाही; नीट बोल, मग पी. असं वाढलेलं पोर मी. बबनचं गाणं ऐकून अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू? पण ओळखीचं कुणी समोर बसलं असलं की तोच काटा लाजेचा व्हायचा.

पहिली कॅसेट गाजली. म्हणजे आमच्यासारख्यांची गाजते तितकी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजली, दोन पेपरांत फोटो आला. दुसरीचं रेकॉर्डिंग पुण्यात ठरलं. रेकॉर्डिंग करणारे होते गोरेकाका. वयस्कर, कमी बोलणारे, कानाचे पक्के. आणि मी — इथंच माझं मेलं नशीब म्हणायचं की माझा हलकटपणा? हलकटपणाच — मी माझ्या पुण्याच्या मामेभावंडांना बोलावलं होतं. बघा, आमचं रेकॉर्डिंग. मिरवायचं होतं ना.

बबनने ‘न्हाई’ नावाचं गाणं म्हटलं. ‘न्हाई वाकायचो, न्हाई’ असं त्याचं धृपद. काचेअलीकडे माझी मामेबहीण फिसकन हसली. ‘अय्या, न्हाई काय?’ म्हणाली. बस, एवढंच. एवढ्यावर मी एका माणसाचा गळा कापला.

बबन चहा प्यायला बाहेर गेला. गोरेकाकांनी हेडफोन काढले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हा आवाज जपा. आणि त्याच्या भाषेला हात लावू नका.’ शब्द अन् शब्द आठवतो मला. विसरायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

मी बाहेर टपरीवर गेलो आणि बबनला सांगितलं, काका म्हणतायत ही गावंढळ भाषा रेकॉर्डवर चालायची नाही. शुद्ध बोलणारा गायक आणा म्हणतायत.

हे मी बोललो. माझ्या तोंडाने. काका असलं काही म्हणाले नव्हते, उलटंच म्हणाले होते. मला वाटलं होतं बबन भांडेल, आत जाईल, काकांची कॉलर धरेल. त्याने भांडायला हवं होतं — बघा, अजूनही मी त्याच्यावरच ढकलतोय. तो भांडला नाही. ‘आसं म्हनला व्हय तो,’ एवढंच म्हणाला. चहा संपवला. ‘मंग तुमीच गावा, मास्तर.’ आणि घोडेगावला जाणारी एसटी धरायला निघून गेला. मी आत येऊन सगळ्यांना सांगितलं, बबन घाबरला, वडिलांनी बोलावलंय म्हणतो, तो काही आता गात नाही. 

मग मी गायलो. ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं, ‘वाकायचो’चं ‘वाकणार’. आता कुणीही सांगेल, ‘न्हाई’ पोटातून काढता येतं, त्यातल्या ह-वर अख्खा दम सोडता येतो. ‘नाही’ कसं निघतं? वर्गात हजेरी देताना ‘तो आला नाही, सर’ म्हणतात तसं. मुश्ताक जीव खाऊन ड्रम बडवायचा आणि वर माझं हे शुद्ध ‘नाही’. ती कॅसेट पडली. त्यानंतरचेही अल्बम पडले. मुलाखतीत मी म्हणायचो, श्रोत्यांची अभिरुची बदलली. काय तोंड होतं माझं.

आणि बबन? बबन गायचाच थांबला. नुसता बँडमध्ये नाही, कुठेच. गावच्या भजनात बसला तर टाळ वाजवायचा, ओठ मिटून. स्वतःच्या पोरीच्या लग्नात वऱ्हाडी हात जोडून ‘एक म्हणा’ म्हणाले तर जेवणाच्या पंगती बघायला निघून गेला. मी होतो त्या लग्नात. आहेर करून, जिलबी खाऊन आलो.

दोन वर्षांपूर्वी मुश्ताक उठला आणि थेट घोडेगावला गेला. काय बोलला माहीत नाही, पण बबनला घेऊन आला. बबन माझ्या गळ्यात पडला, मला. ‘मास्तर, तुमचा काय दोष,’ म्हणाला. मी ‘जाऊ दे रे’ म्हटलं. मोठ्या मनाने माफ केल्यासारखं. लाज वाटली का? वाटली असेल. 

तेच हे कौतुकाचं रेकॉर्ड. त्याचं नाव ‘न्हाई’. जुनंच गाणं, पण बबनने त्याला नवी कडवी जोडलीत. त्यात एक पुण्याचा साहेब आहे, कानांवर यंत्र चढवून बसणारा, आणि बबन त्याला विचारतो, माझी जीभ कापून तू तुझ्या घरी कुठल्या भिंतीला टांगलीस. हे कडवं आलं की लोक उठून उभे राहतात. समीक्षक लिहितात, एवढा खरा संताप मराठी रॉकमध्ये ऐकला नव्हता. आणि त्या संतापामागची गिटार किती निर्दय आहे, तेही लिहितात. ती गिटार माझी. तो काकांना समजून शिव्या मला घालतोय आणि मी त्याला सूर धरून देतोय. चांगला देतोय वर. आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नाही मी. मला ते वाचून आनंदही होतो, सांगून टाकतो.

परवा पुण्यात कार्यक्रम होता. सुरू व्हायच्या आधी गोरेकाका आत आले. काठी घेऊन, खूप थकलेत. सरळ बबनपाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘अरे, कुठे होतास इतकी वर्षं? मी तुझी फार वाट पाहिली.’

बबनने तो हात खांद्यावरून उचलून बाजूला केला. ‘सोताला इचारा,’ म्हणाला आणि बाहेर गेला.

काका तसेच उभे. मग माझ्याकडे वळले. ‘माझं काही चुकलं का रे?’

खोलीत आम्ही दोघंच होतो. बबन दारापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, ‘मनावर घेऊ नका काका. यश डोक्यात गेलंय त्याच्या.’

काका पहिल्या रांगेत बसले. बबनने ते कडवं त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. त्यांना ते आपल्यासाठी आहे हे समजलंच नाही. काठीवर हात ठेवून ते बोटांनी ठेका धरत होते, आणि डोळे पुसत होते. धृपदाला बबनला साथ मी देतो. माझ्या माईकपाशी गेलो आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर, पोटातून, मी ‘न्हाई’ म्हणून ओरडलो.