घारीच्या कड्याचा तिसरा टप्पा

कादर बागवानचा मार्केट यार्डात फळांचा गाळा होता. आंबा सोडून सगळं ठेवायचा. आंब्याचे फार लाड करावे लागतात, असं त्याचं म्हणणं. गाळा वडिलांचा, पण डोंगराचा नाद त्याचा स्वतःचा, आणि घोरपडे पेठेतल्या घरात तो कुणालाच पसंत नव्हता. शनिवारी यार्ड बंद असे. शुक्रवारी संध्याकाळी कादर खांद्यावर दोर टाकून जिना उतरू लागला की त्याची आई अख्तरबानू वरून म्हणायची, "पाय मोडून आलास तर दार उघडणार नाही."

जोडीदार दिगंबर टिंगरे. विश्रांतवाडीकडचा, घरची शेती. शेतावर आता प्लॉट पडले होते, त्यामुळे दिगंबरकडे वेळच वेळ होता. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत विशीतच दोघांची गाठ पडली आणि मग पंधरा-एक वर्षं ते एकाच दोराला बांधलेले राहिले. पुढे कादर, मागे दिगंबर. पुढचा चढता चढता कातळातली भेग शोधतो, तिच्यात लोखंडी मेख ठोकतो, मेखेला दोर अडकवतो आणि आणखी वर जातो. खालचा दोर सोडत राहतो. वरचा निसटला, तर त्याला धरायला ती शेवटची मेख असते. मेखेपासून जितका वर गेला असेल, त्याच्या दुप्पट पडतो, आणि मेख टिकली तर वाचतो. कादर हे काम भीत भीत करायचा, म्हणूनच चांगलं करायचा. इतक्या जवळजवळ मेखा मारायचा की दिगंबर खालून ओरडायचा, "आरं, कुंपण घालतुयास का कड्याला?"

एकोणीसशे एक्याण्णवच्या भाद्रपदात कादरची बायको सकीना काविळीने गेली. आठवडाभराचं दुखणं. मूलबाळ नव्हतं.

कादर रडला नाही. भेटायला माणसं येत, त्यांना तो चहा देई, गाडीवाल्याला थांबवून ठेवलंय का विचारी. तिसऱ्या दिवशीचा जियारतचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यावर हजर. शेजारच्या गाळ्यावरची बायडाबाई म्हणाली, "कादरशेठ, थोडे दिस घरी बसा की."

"बसून काय करू?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

ताट समोर आलं तर जेवायचा, नाही आलं तर तसाच राहायचा. एकदा चुलीवरचं उकळतं पातेलं त्याने नुसत्या हातांनी उचललं आणि शांतपणे ओट्यावर ठेवलं. बोटांवरचे फोड आईला संध्याकाळी दिसले. "भाजलं तर ओरडायचं नाही का रे?" ती म्हणाली. कादर बोटांकडे बघत राहिला.

थंडी पडल्यावर अख्तरबानू बस बदलत विश्रांतवाडीला गेली. दिगंबरच्या ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बेटा, कादरला डोंगरावर घेऊन जा."

"अम्मी, तुमी म्हणताय हे?"

"मीच म्हणते. घरात खांबासारखा बसतो. तिकडं निदान घाबरेल. काहीतरी वाटू दे त्याला."

दिगंबरने घारीचा कडा निवडला. मुळशीच्या पलीकडे, जिथे घाटमाथा संपतो आणि खाली कोकण सुरू होतं, तिथे ती भिंत उभी आहे. चार टप्प्यांची चढाई, कातळ मधेमधे सडका, चहूकडे वाळलं गवत. पूर्वी दोनदा ते दुसऱ्या टप्प्यावरूनच परत आले होते. लहानसहान चढाईने या माणसाला काही होणार नाही, असा दिगंबरचा हिशेब. कादरला विचारलं तेव्हा तो "बरं" म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणायचा.

पहिले दोन टप्पे ठीक गेले. मेखा जागच्या जागी, हात-पाय जागच्या जागी. दिगंबर मनातून खूश झाला. तिसऱ्या टप्प्याच्या तळाशी दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढीच कपार होती. दिगंबरने तिथल्या कातळात दोन मेखा ठोकल्या, स्वतःला त्यांना बांधलं, कमरेभोवती दोर घेतला. कातळ भुसभुशीत होता. मेखा बसल्या होत्या, पण त्यांच्यावर फार भरवसा ठेवावा अशा नव्हत्या.

कादर वर निघाला. थोडं चढून त्याने एक मेख मारली. मग हातोड्याचा आवाज येईना. दोर मात्र सरसर जात राहिला.

"कादर, मेख!"

"पुढं मारतो."

दोर जात राहिला. दिगंबरने मान वर केली. कादर मेखेच्या पुढे चांगला दोन मजले गेला होता, आणि जिना चढावा तसा चढत होता.

"आता मार."

"भेग नाही."

"डाव्या हाताशी हाय की! हितनं दिसतीय मला."

कादरने डावीकडे पाहिलं. भेग होती. ती त्याने पाहिली आणि पुन्हा वरचा दगड चाचपू लागला.

दिगंबरने दोर घट्ट आवळला. "मी दोर धरलाय. मेख मारल्याबिगर इंचभर मिळायचा न्हाई."

"सोड, दिगू. हात भरून येतील माझे."

"येऊ दे." मग खालच्या आवाजात, "तुला पडायचंय का रे?"

कादरने त्यावर विचार केला. एका पायाच्या बोटांवर उभा राहून, नीट विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "पण पडलो तरी चालेल, असं वाटतंय. पूर्वी अशा जागी भीती वाटायची. आता काहीच होत नाही. सकीना गेली तेव्हापासून काहीच होत नाही."

खाली दरीत घार फिरत होती, त्यांच्या पायांच्याही खाली.

"बरं, नको होऊ दे," दिगंबर म्हणाला. "पर एक ध्यानात घे. तू पडलास तर हितल्या दोन्ही मेखा उपटून मी बी तुज्या मागं येतोय. आनि मला लई भीती वाटतीय. खाली बघ की जरा."

कादरने खाली पाहिलं. दिगंबरचा चेहरा पांढरा पडला होता. तो पाहून कादरच्या आत काही हललं, असं म्हणता येणार नाही. नंतर त्यानेच तसं सांगितलं. फक्त त्याला समजलं, ट्रक किती वाजता येणार हे समजावं तसं, की हा माणूस विश्रांतवाडीला घरी पोचला पाहिजे. त्याने कमरेची मेख काढून डावीकडच्या भेगेत लावली आणि हातोडा उचलला. मेख नीट बसत गेली की ठोक्यांचा आवाज चढत जातो. तो चढत गेला. दिगंबरने डोळे मिटून ऐकला आणि दोर सोडला.

उरलेला टप्पा आणि त्यावरचा चौथाही कादरने जुन्यासारखा, कुंपण घालतच चढला.

माथ्यावर वारा होता. कोकण धुरकट दिसत होतं. दिगंबर खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. कादरने त्याच्यासमोर पाण्याची बाटली धरली आणि त्याचं रडणं संपेपर्यंत तशीच धरून ठेवली. मग दोघांनी भाकरी खाल्ली.

"यापुढं तू पुढं चढ," कादर म्हणाला. "माझा भरवसा नाही."

घरी अख्तरबानूने विचारलं, "घाबरलास?"

"नाही. दिगंबर घाबरला."

"त्याला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली आणि ताट वाढायला आत गेली. आत बराच वेळ लागला तिला.

दर शनिवारी ते जात राहिले, सोप्या सोप्या कड्यांवर. दिगंबर पुढे चढायला फारसा बरा नव्हता, घाम गाळत चढायचा. कादर खालून दोर सोडायचा, निगुतीने.

पुढच्या चैत्रात नारायण पेठेतले श्रीनिवासराव म्हणून एक निवृत्त गृहस्थ गाळ्यावर आले आणि एकेक मोसंबं अंगठ्याने दाबून पाहू लागले. अर्धा क्रेट दाबून झाल्यावर म्हणाले, "सालं जाड दिसतायत."

"अहो, आपण फळं घ्यायला आलात की त्यांची नाडी बघायला?"

"नाडी लागली की घेऊच ना."

एवढंच झालं. एरवी कादर हसला असता, किंवा गेल्या काही महिन्यांतल्यासारखा गप्प राहिला असता. त्या दिवशी तो ओरडला. इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या ओळीतले हमाल धावत आले. मोसंबी, नारायण पेठ, अंगठा, जगातली सगळी गिऱ्हाइकं, सगळ्यांचा उद्धार झाला. आवाज फाटला तरी थांबेना. बायडाबाईने दंड धरून त्याला क्रेटवर बसवलं.

"माझी बायको गेली हो," तो श्रीनिवासरावांना म्हणाला. यार्डात हे कुणालाही त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं.

श्रीनिवासराव हातातलं मोसंबं कुठे ठेवावं या विचारात उभे. मग म्हणाले, "दोन डझन द्या." आणि पिशवी उघडून धरली. बायडाबाईनेच मोजून भरली, त्यांनी एकालाही बोट लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी कादर पुन्हा पहिल्यासारखाच होता. पण महिन्याभराने असंच काहीतरी झालं, मग लवकरच आणखी एकदा. एकदा आईवर चिडला, एकदा बसमध्ये उगीच हसू आलं. असं सुटं सुटं येत राहिलं. शब-ए-बारातच्या रात्री तो सकीनासाठी दुआ मागायला कब्रस्तानात गेला आणि सगळे परतल्यावरही मागे थांबला. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. पन्नाशीपर्यंत तो डोंगरावर जात राहिला, कायम दिगंबरच्या मागे.