ताप नाही, नुसती कणकण

"नो फीवर, डॉक्टर," असं माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, छातीठोकपणे सांगितलं आणि मला राहवेना. "अरे, खोटं काय बोलतोस? रोज संध्याकाळी कणकण असते ना तुला!"

आमचे हार्ट सर्जन इजिप्तचे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, व्हॉट इज कणकण?"

आली का पंचाईत! कुवेतमध्ये इतकी वर्षं काढली, पण कणकणीला इंग्रजीत काय म्हणतात ते कोणी शिकवलंच नव्हतं. "फीवर, बट नॉट फीवर. इनसाइड फीवर," मी ठोकून दिलं. मिलिंद माझ्याकडे असा बघायला लागला, जशी काही मी त्याची चहाडी केली. केलीच होती!

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांचा आवाज बदलला होता. त्याच दुपारी त्यांनी त्याला ॲडमिट करून घेतलं.

थोडं मागचं सांगते. उन्हाळ्याच्या आधी मिलिंदचं एऑर्टिक रूट रिप्लेसमेंट झालं होतं. म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं मूळ फुगलं होतं, ते काढून तिथे कृत्रिम नळी आणि धातूची झडप बसवली. ऑपरेशन छान झालं. तो मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत पुन्हा कामावर जायला लागला, संध्याकाळी आम्ही सालमियाच्या समुद्रावर फिरायचो. मी म्हटलं, सुटलो एकदाचे!

आणि मग ही कणकण. "काही नाही गं, एसीमुळे असेल," म्हणून तो पॅनाडॉलची, म्हणजे तापाची गोळी घ्यायचा आणि झोपायचा. आपल्याकडे कणकणीला कोणी आजार म्हणतच नाही. ताप म्हणजे थर्मामीटरवर चढतो तो. त्यामुळे खरं तर तो खोटं बोलत नव्हता, आणि तीच तर गोम होती.

तपासण्या सुरू झाल्या. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणं. वाढले! मग टीईई, म्हणजे घशातून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी. निदान झालं प्रोस्थेटिक व्हॉल्व्ह एंडोकार्डायटिसचं. बसवलेल्या झडपेलाच जंतुसंसर्ग, आणि मुळाशी पू.

"नुसत्या औषधांनी भागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तीच छाती पुन्हा उघडायची. आत सगळं चिकटलेलं असतं, म्हणून पहिल्यापेक्षा अवघड आहे. पण थांबलो तर हा हाती लागणार नाही."

मी त्याच्या कामावर फोन लावला. रिफायनरीतले त्याचे दोस्त रक्त द्यायला धावत आले, मल्याळी, फिलिपिनो, एक पाकिस्तानीसुद्धा. त्या सगळ्यांना माझा साष्टांग नमस्कार!

ऑपरेशनच्या दिवशी वेटिंग रूममध्ये मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. मुलगी रेवा इथेच वाढलेली. "आई, प्लीज सिट डाउन," तिचं सारखं चाललेलं. बसवत होतं कुणाला?

शेवटी दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला, दोन्ही हात झटकले आणि म्हणाले, "खलास!"

मी मटकन खाली बसले आणि असा हंबरडा फोडला की सगळा मजला गोळा झाला.

आता बघा, इथे हा शब्द दिवसभर कानावर पडतो. भाजीवाला पिशवी देताना म्हणतो, टॅक्सीवाला घर आलं की म्हणतो. अरबीत खलास म्हणजे झालं, आटोपलं. मला हे पक्कं माहीत आहे! पण त्या क्षणी डोक्यात अरबी शिरलीच नाही. आमच्या नाशकात खलास म्हणजे माणूस गेला.

"आई! अरेबिक! ही मीन्स डन!" रेवा मला गदागदा हलवत होती. बिचारे डॉक्टर गुडघ्यांवर बसले. "ऑपरेशन खलास, मॅडम! मिलिंद नो खलास! हार्ट व्हेरी गुड!" मी रडता रडता हसायला लागले. त्यांचे हात इतके घट्ट धरले की रेवाला ते सोडवावे लागले.

तुमच्या घरात कुणाला कृत्रिम झडप बसवली असेल, तर माझं एवढं ऐका. कणकण, कसकस, अंग मोडून येणं, काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गोळी घेऊन दाबू नका. इंग्रजी शब्द सापडत नसेल तर मराठीत सांगा, ते विचारतील.

दुसऱ्या दिवशी मिलिंदच्या घशातली नळी काढली आणि मला आयसीयूत सोडलं. पहिल्या खेपेला हा माणूस छाती आवळून धरून सगळ्यांना "आय ॲम फाइन" सांगत होता. आता त्याने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"खूप दुखतंय गं," तो म्हणाला. "सांग ना त्यांना."

इतकं गोड तो लग्न झाल्यापासून कधी बोलला नव्हता! मी अक्षरशः पळत नर्सच्या टेबलापाशी गेले. "सिस्टर, त्याला दुखतंय!" मी ओरडले, आणि आनंदाने मला हसू आवरेना.