आप्पांनी स्क्रीनवर पाहिलेलं कोलेस्टेरॉल

मंगळवारी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चेकअपसाठी नेसरीहून कोल्हापूरला आणलं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली... तेव्हापासून ते जेवायलाच घाबरतात.

दूध बंद, अंडी बंद, शेंगदाण्याची चटणीसुद्धा बंद. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, तेलकट टाळा, पण असं उपाशी राहू नका, वजन फार उतरलंय. आप्पांनी नुसती मान हलवली.

मी संशोधन करते त्या लॅबमध्ये माझं थोडं काम राहिलं होतं, म्हणून त्यांना सोबत नेलं. पेशीभोवती जसं पातळ आवरण असतं, तसे आवरणाचे बारीक फुगे मी चरबीच्या रेणूंपासून बनवते. त्यात कोलेस्टेरॉल घातलं की रेणूंची मांडणी कशी बदलते, ते बघते. घरी हे कधी नीट सांगितलंच नव्हतं...

टेबलावरच्या बाटलीवरचं 'कोलेस्टेरॉल' हे नाव त्यांनी अक्षरं जुळवत वाचलं आणि हात मागे घेतला. "ह्ये इष तू हितं बाळगलंयस व्हय?"

मी मायक्रोस्कोपच्या स्क्रीनसमोर त्यांना खुर्ची दिली. आधी कोलेस्टेरॉल नसलेला फुगा दाखवला. त्यावर वेड्यावाकड्या कडांचे काळे डाग, गोठल्यासारखे आपापल्या आकारात अडकलेले.

मग कोलेस्टेरॉल घातलेला. यातले डाग गोल होते आणि सावकाश सरकत होते. दोन डाग जवळ आले, चिकटले... आणि बघता बघता एकच मोठा गोल झाला. "पेशीचं आवरण असं हलतं राहायला कोलेस्टेरॉल लागतं," मी सांगितलं.

"पातळ हाय की गं ह्ये," आप्पा पुढे वाकून म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच, "म्हंजे माझ्या अंगात बी ह्ये लागतंय?"

"लागतंच, आप्पा. प्रत्येक पेशीला लागतं. रक्तात जास्त झालं की त्रास, म्हणून गोळी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, माझं अंगच माझ्यावर उलटलं. घास उचलला की छातीत धडधडतंय बघ..."

मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

नंतर कँटीनमध्ये त्यांनी दीड भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली. वर ताक मागितलं.

तीन महिने मी फोनवर त्यांना काय खायचं, काय नाही, एवढंच सांगत होते. भीती कसली वाटते, हे एकदाही विचारलं नव्हतं... आप्पा स्वतःहून बोलले, हे माझं नशीब.