विहाराच्या माळ्यावरचं नेटवर्क

नेटवर्कच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ऑफिसात नाही, आणि परळच्या आमच्या चाळीत तर मुळीच नाही. म्हणूनच चाळीला लागून असलेल्या बुद्धविहाराच्या माळ्यावर अभ्यासिका निघाली, तेव्हा तिथल्या जोडणीचं काम मी कुणाला न विचारता अंगावर घेतलं. ऑफिसातून बाद झालेली एक फायरवॉल माझ्याकडे होती, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आणि आतले कॉम्प्युटर यांच्यामध्ये पहारा देणारा डबा. एका बाजूला इंटरनेटची वायर खोचली, दुसऱ्या बाजूला आतलं नेटवर्क बनवलं. प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, म्हणजे आयपी नंबर, याच डब्याने वाटायचा, असं ठरवून दिलं. पहिल्या फटक्यात सगळं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मावशीची मुलगी धावत आली. दुपारी तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती, आयुष्यातली पहिली.

"दादा, अभ्यासिकेतलं नेट सारखं तुटतंय. घरात एका खोलीत सगळे, तिथून कशी देऊ?"

मी जाऊन पाहिलं. कॉम्प्युटरला मिळालेला पत्ता माझ्या डब्याचा नव्हताच. आत दुसरंच कुणीतरी पत्ते वाटत होतं. एक अनोळखी वायर खिडकीतून बाहेर गेली होती. तिच्या मागे मागे चाळीच्या गॅलरीत पोचलो, तर तिथे एक जुना राउटर लटकत होता. माझं डोकंच फिरलं.

"मीच लावला," मावशी म्हणाली. "गॅलरीतल्या पोरांना पण मिळू दे ना रे."

आमच्याकडे नळाच्या पाण्यापासून कालवणापर्यंत सगळं असंच वाटलं गेलं, मग नेट कसं सुटेल?

"अगं, दोन डबे पत्ते वाटायला लागले की गोंधळ होतो. तुझ्याच लेकीची मुलाखत बुडाली असती."

तिचा चेहरा पडला. "काढून टाक मग."

मी काढला नाही. फायरवॉलला वायर खोचायची एक जागा रिकामी होती. राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं आणि त्या जागेवर गॅलरीसाठी वेगळं नेटवर्क बांधलं. अभ्यासिकेचा वेग आधी राखून ठेवला. "आता सगळ्यांनी खुशाल वापरा," मी ऐटीत सांगितलं, "मुलाखतीला धक्का लागणार नाही."

दुपारी मुलाखत सुरू झाली. मी बाहेर आलो, तर गॅलरी चिडीचूप. मावशी परात मांडीवर घेऊन बसली होती आणि परातीत सगळ्या गॅलरीचे मोबाईल, बंद करून ठेवलेले.

"मावशी, याची गरज नाही. दोन्ही नेटवर्कं वेगळी आहेत."

"असतील रे," ती हळूच म्हणाली. "आमच्या जिवाला बरं वाटतं."

मी माझाही मोबाईल बंद केला आणि परातीत ठेवला.