जाण्याचा वेग

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. गल्लीच्या तोंडाशी त्यांची एक्स-रेची खोली होती. डॉक्टरच पेशंटला ‘छातीचा फोटो काढून या’ म्हणून सांगत, त्यामुळे लोकांत भावजींचं नाव फोटोवाले पडलं होतं. काही बायका खरोखरच केस विंचरून, पावडर लावून यायच्या. भावजी त्यांना म्हणत, "हसा हवं तर, बरगड्या प्रसन्न येतील." मग काचेआडून त्यांचा ठरलेला आवाज यायचा, "श्वास घ्या. धरून ठेवा. हं, सोडा." घरात कुणी लांबण लावली की आमचे हे म्हणायचे, "आता सोडा," आणि भावजी सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून त्यांनी ही खोली थाटली होती. त्या कामाचा एक नियम आहे. फोटो काढणाऱ्याने फोटो वाचायचा नाही. त्यात काय दिसतंय ते सांगायला वेगळा डॉक्टर लागतो. एक म्हातारे डॉक्टर दुपारी खोलीवर येत, फोटो बघत, अहवाल लिहून देत. ते लेकीकडे परगावी राहायला गेले. जाताना म्हणाले, "इंटरनेटवरून पाठवत जा, तिथे बसून वाचतो." म्हणजे खोलीचा सगळा जीव आता एका तारेत आला. फोटो वेळेत पोचला तर अहवाल वेळेत, आणि अहवाल वेळेत असेल तरच आसपासचे डॉक्टर पेशंट पाठवणार. नाहीतर चौकात नवं चकचकीत केंद्र उघडलेलंच होतं.

इंटरनेट कुणाचं घ्यायचं हे आमच्या बैठकीत ठरलं, कारण भावजी कुठलीही नवी गोष्ट आईंना विचारल्याशिवाय करत नसत. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा एक दंडक होता. घराबाहेर पडताना ‘येतो’ म्हणायचं, ‘जातो’ हा शब्द उंबऱ्याच्या आत काढायचा नाही. मीही तो मनापासून पाळत आले. तोंडातला शब्द देव ऐकतो असं मला आजही वाटतं.

आधी आला तो गल्लीत इंटरनेटच्या तारा जोडून देणारा तारवाला. खांबांवर चढून पायांना बाक आलेला माणूस. चहा समोर ठेवला तरी त्याचं लक्ष छताकडे, तार कुठून आणता येईल याकडे. त्याने भावजींना एकच विचारलं, "दादा, तुमच्याकडे येणं जास्त की जाणं जास्त?"

आईंनी जपाची माळ थांबवली. "जाणं कशाला असेल? नवा धंदा आहे पोराचा. येणंच आहे आमच्याकडे."

"तसं नव्हे मावशी. काहींचं नुसतं बघायचं काम असतं, काहींचं पाठवायचं. माझ्याकडे येणं थोडकं आहे, पण जाणं तेवढंच मिळेल. दोन्ही सारखं."

"जेवढं येईल तेवढं जाईल?" आई आमच्या ह्यांच्याकडे वळल्या. "ऐकलंस? असा कुठे धंदा असतो?"

हे हसले, भावजी हसले, मलाही हसू आलं. तारवाला बिचारा ओशाळला, चहा तसाच टाकून उठला आणि पायांत चपला सरकवता सरकवता म्हणाला, "बरं, जातो मी." आईंनी डोळे मिटून घेतले. त्याचं काम तिथेच संपलं.

दुसरा आला तो कंपनीचा. इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत कागद. त्याच्या तोंडी सगळं येणंच. एवढं येईल, तेवढं येईल, धो धो येईल. जाण्याचं त्याने काढलं नाही आणि त्याला कुणी विचारलं नाही. निघताना आईंना वाकून म्हणाला, "येतो हं आजी."

"याला वळण आहे," आई म्हणाल्या. भावजींनी सही केली. तो पुन्हा कधी आला नाही.

पहिल्याच आठवड्यात भावजींचा चेहरा उतरायला लागला. येत सगळं होतं, पण फोटो जायचे नाहीत. हाताचा, पायाचा फोटो कसाबसा सरकायचा. छातीचा मोठा, तो अर्ध्यावर अडकायचा, तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. बाकावर माणसं चुळबुळत बसायची. कंपनीला फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या योजनेत पाठवण्याचा वेग एवढाच आहे." भावजींनी ते मला डबा घेताना सांगितलं. "आपण येण्याचं बघितलं, वहिनी. माझा धंदा तर जाण्याचा आहे."

"मग तारवाल्याला बोलवा ना."

"कुठल्या तोंडाने? हसलो होतो आपण त्याला." डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "आणि आत्ताच बसवलेलं काढलं तर आई म्हणेल अपशकुन. बोलावतो एक-दोन दिवसांत."

ते एक-दोन दिवस पुढे पुढे सरकत गेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई फोनवर तुटक बोलायला लागल्या. बाकावरची गर्दी पातळ झाली. भावजी ताटावर बसत आणि भात चिवडून उठत. मी देवापुढे बसून त्यांच्यासाठी मागायची, पण काय मागायचं तेच कळेना. ‘जाऊ दे’ असं देवाला कसं म्हणायचं?

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा बाकावर रंगारी बसला होता. भावजींची खोली त्यानेच रंगवलेली. केसांत पांढरे ठिपके, एक हात बरगडीवर. शिडीवरून पडला होता. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून, अहवाल घेऊन परत यायला सांगितलं होतं.

"भिंत पडली नाही, मीच पडलो," तो मला म्हणाला आणि हसताना कळवळला. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन त्याने भांडं खाली ठेवलं.

आत भावजी पडद्यासमोर उभे होते. फोटो किती गेला ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी मध्यावर येऊन थांबली होती. त्यांनी म्हाताऱ्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण भावजी म्हणत होते, "एका बाजूला काळं जास्त वाटतंय मला... हो, मी वाचायचं नाही, मान्य आहे... पाठवतोय हो, जात नाहीये." पट्टी तुटली. त्यांनी पुन्हा पाठवायला घेतलं. बाहेर येऊन रंगाऱ्याला म्हणाले, "थोडं थांब. किंवा असं कर, मोठ्या रुग्णालयात दाखवूनच घे."

"अहवालाशिवाय तिथे कोण उभं करतंय साहेब? पुन्हा इकडेच धाडतील."

त्याचं खोटं नव्हतं. तो थांबला. भिंतीला डोकं टेकून, तोंडाने हळू श्वास घेत थांबला. मग त्याला बसवेना. "घर मागच्याच गल्लीत आहे, जरा आडवा होतो," म्हणाला. भावजी काचेआड होते. रंगारी दारात वळला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "येतो हं, फोटोवाले."

"ये ये," आतून आवाज आला.

फोटो संध्याकाळी पोचला आणि अहवाल लगेच आला. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली आहे, विनाविलंब रुग्णालयात हलवा. भावजी तो कागद घेऊन अनवाणी मागच्या गल्लीत धावले. त्याच्या दारासमोर माणसं जमलेली होती. ते गर्दीत शिरले नाहीत. कागद हातात धरून तिथेच उभे राहिले.

रंगाऱ्याचं दहावं झाल्यावर त्याचा भाऊ खोलीवर फोटो मागायला आला. भावजींनी पाकीट दिलं. त्याने आतली फिल्म उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "यात तोंड नाही हो दिसत." भाऊ पाकीट काखेत मारून निघून गेला. त्याने दोष दिला नाही. दिला असता तर भावजींना बरं झालं असतं, असं मला वाटतं.

तारवाल्याला त्यांनी नंतर बोलावलंच नाही. मशीन विकलं, खोली सोडली. आता ते चौकातल्या त्या चकचकीत केंद्रात नोकरीला आहेत. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, एवढंच बोलतात. बरगड्यांचा विनोद करत नाहीत, आणि घरात आमचे हेही ‘आता सोडा’ म्हणत नाहीत.

सकाळी मी त्यांच्या हातात डबा देते. ते चपला घालतात, उंबऱ्याशी क्षणभर थांबतात आणि सरळ म्हणतात, "जातो, वहिनी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आईंकडे बघितलं. त्यांची माळ थांबली होती, मग ती पुन्हा फिरू लागली. भावजी गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी राहते आणि त्यांनी न म्हटलेला शब्द त्यांच्या वतीने देवाला सांगते.