भिकाजीची आगबोट

भिकाजीनं रत्नागिरीच्या बंदरात तीस वर्षं पडाव वल्हवला. आगबोट लांब पाण्यात थांबायची. उतारूंना तिच्या शिडीपाशी नेऊन सोडायचं, हे त्याचं काम. अर्धा जिल्हा त्यानं आगबोटीवर चढवला, पण स्वतः ती शिडी एकदाही चढला नाही.

"धाक्या, मला पण एकदा वर न्ये रे," तो लेकाला म्हणायचा. धाकू परदेशी जाणाऱ्या बोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा टाकायचा. तो हसायचा. "तुला बोट लागेल, बा. पुढच्या खेपेला बघू."

१९३१ साली झांजीबारला धाकूच्या हाती धाकट्या भावाचं, रघूचं, पत्र पडलं. बा गेला होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. रघूनं बहिणीचं लग्न कबूल केलं, कलमं जपण्याचं कबूल केलं. कावळे नुसते बघत बसले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. बा मनात काहीतरी ठेवून गेला, या विचारानं धाकू ढसाढसा रडला.

झांजीबारला कावळ्यांना तोटा नव्हता. मागच्या पिढीत कुणीतरी गावची घाण साफ करायला ते हिंदुस्थानातून आणून सोडले होते, आणि पठ्ठ्यांनी अख्खं बेट बळकावलं. म्हणजे आपलेच लोक! धाकूनं धक्क्यावर पानात भात मांडला नि हात जोडले.

"बा, रघूचं लगीन करतो." खांबावरच्या कावळ्यानं मान वाकडी केली. "घर शाकारतो." ढिम्म. "विडी सोडतो." यावर तर खुद्द धाकूचाही विश्वास नव्हता.

इतक्यात बोटीचा भोंगा झाला. कावळा वळून बोटीकडे बघायला लागला, आणि धाकूनं कपाळावर हात मारला. पान उचलून तो धावतच शिडी चढला आणि ते डेकवर ठेवलं.

"चुकलं माझं. चल बा, वर चल!"

कावळा उडाला तो थेट पानावर. भात खाऊन त्यानं कठड्याला चोच पुसली आणि तिथंच मुक्काम ठोकला. धाकू आनंदानं नाचायलाच लागला. खलाशांचा मुकादम रावजी सारंग फडकं घेऊन कावळ्याला हाकलायला आला.

"सारंगानू, र्‍हाऊ दे. बापूस हाय माझा."

सारंगही कोकणातलाच. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि स्वयंपाक्याला तळलेला मासा आणायला सांगितलं.

पुढच्या बंदरातून धाकूनं रघूला पत्र टाकलं: "बा माझ्याबरोबर आगबोटीवर आहे. दोन्ही वेळ जेवतो. बोट अजिबात लागली नाही."